सात घरं आणि आठवा अर्ज

मरिसोल ऑगबर्न जिना चढून वर आली तेव्हा रॉस्को विंडहॅम उकडलेल्या शेंगांची टरफलं कागदात गोळा करत होता. टारपन पॉइंटच्या धक्क्यावर, गळाची आमिषं विकणाऱ्या दुकानाच्या माडीवर मिस अर्डिस टिडवेलची कचेरी होती. अर्डिसनं वीस वर्षं लष्करी पोलिसांत काढली होती आणि आता ती खाजगी तपासाची कामं घ्यायची. रॉस्को तिचा मदतनीस. मदतनीस म्हणजे काय, तर गाडी चालवायची, कागद लावून ठेवायचे आणि अर्डिसनं 'आलं का लक्षात?' विचारलं की 'नाही' म्हणायचं. जिल्ह्याच्या नोंदणी कचेरीत एकतीस वर्षं प्रमुख म्हणून काढलेला माणूस. घाई त्याच्या रक्तातच नव्हती.

मरिसोलनं पाकीट टेबलावर ठेवलं. आत एका घराचा फोटो होता, रस्त्यावरून काढलेला. मागे टाइप केलेल्या तीन ओळी होत्या.

'कॅप्टन वेड ऑगबर्न यांचं घर. पत्नी दिवसभर दातांच्या दवाखान्यात. मुलगी डेलिया, हेझलटन शाळा.'

"सोमवारी आलं," ती म्हणाली. "एकूण सात घरी आलंय. सगळ्यांचे नवरे वेडच्याच तुकडीत, सगळे सप्टेंबरपासून परदेशात. शेरीफ म्हणतात, यात धमकी कुठंय? रस्त्यावरून फोटो काढणं हा गुन्हा नाही."

तिची नजर टेबलावरून हलत नव्हती. आपलंच चुकलं, असं तिनं सांगून टाकलं. तुकडी निघाली त्या दिवशी तिनं अंगणातला निरोपाचा फोटो फोनवरून सगळ्यांना दिसेल असा टाकला होता, आणि मागच्या खांबावर घराचा नंबर स्वच्छ वाचता येत होता. एवढी काळजी घेऊन शेवटी माती खाल्ली ती तिनंच.

काळजी तिनं खरोखरच घेतली होती. या राज्यात सरकारी कचेरीतला कुठलाही कागद कुणीही मागावा आणि वाचावा, असा कायदा आहे. फक्त सैनिकांच्या कुटुंबांना एक सवलत आहे. गुप्ततेचा अर्ज भरून दिला की घराचा पत्ता, नवराबायकोची नोकरी, मुलांची शाळा हे सगळं कचेरी काळ्या शाईनं झाकते. मरिसोलनं तो अर्ज जुलैतच दिला होता, वेडच्या परदेशी जायचा हुकूम हातात पडला त्याच आठवड्यात.

अर्डिसनं फोटो उलटसुलट करून पाहिला. "डेलियाला शाळेतून कोण आणतं?"

"मीच. लष्करी तळावरच्या शाळेत जाते ती. जुलैत हेझलटनमध्ये नाव घातलं होतं, पण शाळा सुरू व्हायच्या आठवडाभर आधी तळावर जागा मिळाली. सोडायला मी, आणायला मी."

शेजारच्या घरी पत्र आलं का, असं अर्डिसनं विचारलं. मरिसोल पहिल्यांदाच जराशी हसली. शेजारची कॉरिन म्हणत होती, माझाही नवरा त्याच तुकडीत, माझं घर दहा पावलांवर, पण मला मेलीला कोण पत्र लिहितंय! कॉरिन भारी आळशी. तिचा गुप्ततेचा अर्ज अजून फ्रिजवर चिकटवलेलाच होता.

मग मरिसोलनं आणखी एक कागद काढला. कोल हेंडलीनं घराचा नकाशा काढून दिला होता. हेंडली घरांना कॅमेरे आणि धोक्याच्या घंटा बसवून द्यायचा. पूर्वी नौदलात होता, चर्चमध्ये खुर्च्या मांडण्यापासून सगळी कामं करायचा. मंगळवारी तो आपणहून सातही घरी धीर द्यायला गेला होता. मरिसोलच्या नकाशावर तीन कॅमेरे होते. एक पुढच्या दारावर, एक मागच्या फाटकावर आणि एक कोपऱ्यावरच्या शाळेच्या बस-थांब्याकडे तोंड केलेला.

"हा राहू दे माझ्याकडे," अर्डिस म्हणाली.

"रविवारी सकाळी वेडचा फोन येतो, मॅडम. आठवड्यातून एकदाच. त्याच्यापासून मी काही लपवलेलं नाही कधी. चूक माझी आहे, हे मला त्याला सांगावंच लागेल. पण तो विमान चालवतो. डोक्यात हे घेऊन तो वर जाणार. निदान कोण आहे एवढं तरी मला सांगता यावं."

रॉस्कोला तिची दया आली. हिची काहीएक चूक नाही, असं त्याला उगाचच ठामपणे वाटलं.

---

गुरुवारी दोघं नोंदणी कचेरीत गेले. रॉस्को निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, तरी दारात शिरताच त्यानं सवयीनं टोपी काढली. काउंटरमागे रोवेना शिप उभी राहिली. तिला त्यानंच नोकरीला लावलं होतं.

"या साहेब. किती वाळलात हो! मिस अर्डिस जेवू घालत नाहीत वाटतं."

"शेंगा घालते," अर्डिस म्हणाली.

रोवेनानं कपाट दाखवलं. गुप्ततेचे मूळ अर्ज त्यात कुलपात होते, आणि किल्ली तिच्या गळ्यातल्या साखळीत. गेल्या बारा वर्षांतले दोनशे अकरा अर्ज. त्यातले या उन्हाळ्यातले आठ.

"आठ? पत्रं सातच घरी आलीत. आठवं कोण?"

"नाव नाही सांगणार, मॅडम. राग मानू नका. साहेबांनीच शिकवलंय."

 सोमवारपासून गावातल्या बायका आपल्याकडे चोर असल्यासारखं पाहतात, असं ती म्हणाली. कपाटाला ती एकटीच हात लावते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिला दोन रात्री झोप नव्हती.

काउंटरच्या टोकाला, बाकाशेजारी, जाड निळ्या पुठ्ठ्याची एक फाइल दोरीनं बांधून ठेवली होती. वरच्या भिंतीवर चौकटीत एक कार्ड होतं. शाई विटली होती, पण अक्षर रॉस्कोचं होतं. 'आलेला प्रत्येक कागद त्याच दिवशी झेरॉक्स करून या फाइलमध्ये. तीन महिने काउंटरवर. वाचणाऱ्याला नाव विचारायचं नाही. अपवाद नाही. रॉ. विं.' त्याच्या बाजूला पितळी पाटी होती. राज्यातली सर्वांत खुली कचेरी म्हणून वीस वर्षांपूर्वी ती रॉस्कोला मिळाली होती. ती घेताना त्याची बायको पहिल्या रांगेत बसली होती आणि तिनं नवी टोपी घातली होती.

"काय असतं रे या फाइलीत?" अर्डिसनं विचारलं.

"टपाल. रस्त्यातले खड्डे, मोकाट कुत्री, असल्या तक्रारी," रॉस्को म्हणाला.

त्यानं फाइलीकडे हात नेला आणि मागे घेतला. फाइल त्यानं उघडली नाही. उघडायला हवी होती. आत काय सापडेल, याचा त्याला विचार करायचा नव्हता.

तेवढ्यात ओरिन फेल्प्स आत आला. हा मास्तर वसंतात निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी कचेरीत यायचा, बाकावर बसून ती फाइल पहिल्या पानापासून वाचायचा आणि आपल्या चार पानी पत्रकात सरकारची लाज काढायचा. सात घरांना पत्रं यानंच पाठवली, असं निम्मं गाव बोलत होतं.

अर्डिसनं त्याला सरळच विचारलं. ओरिननं चष्मा पुसला.

"बाई, मी लोकांना त्रास देतो तो सही करून देतो. निनावी पत्र लिहायला मला काय भीती पडलीय? सरकारी कागद लोकांचा, हे मी मरेपर्यंत म्हणणार. पण एखादीच्या पोरीची शाळा म्हणजे सरकारी कागद नव्हे." मग तो रॉस्कोकडे वळला. "तुला जुलैत सांगितलं होतं मी. मासे तळत होतो तेव्हा."

"तू दर आठवड्याला काहीतरी सांगतोस, ओरिन."

"हो ना. म्हणूनच कुणी ऐकत नाही."

अर्डिसनं दोघांकडे पाहिलं. काय सांगितलं होतं, हे तिनं विचारलं नाही. खिशातली एक शेंग काढून तिनं सावकाश सोलली.

---

शुक्रवारी सकाळी ते हेंडलीच्या दुकानात गेले. माणूस गोड होता. त्यानं कॉफी दिली, नौदलातले फोटो दाखवले. सैनिकांच्या घरांकडून आपण कामाची मजुरी घेत नाही, असं त्यानं दोनदा सांगितलं. सातही घरांचे नकाशे तयार होते. पत्रं कुणी पाठवली असतील, असं विचारल्यावर तो लगेच म्हणाला, "तो फेल्प्स. दुसरं कोण?"

आठवं घर कॉरिनच्या मदतीनं सापडलं. अर्ज कुणी कुणी भरले, हे तुकडीतल्या बायकांना एकमेकींचं माहीत होतंच. ते सार्जंट गॅरिटीचं घर. घरी त्याची आई होती. बेल वाजवायच्या आधीच म्हातारीनं दार उघडलं, कारण दोघांना येताना तिनं आतल्या पडद्यावर पाहिलं होतं. वळचणीखाली कॅमेऱ्याचा काळा डोळा होता, त्याच्याखाली हेंडलीच्या दुकानाचा निळा शिक्का. मुलानं वसंतातच बसवून घेतला, म्हातारी म्हणाली. पत्रबित्र काही आलं नव्हतं. ते बोलतानाही ती ओशाळली होती. बाकीच्या पोरी रडताहेत आणि आपण तेवढे वाचलो, हे तिला बरं वाटत नव्हतं.

परत येताना रॉस्को दोनदा वळण चुकला.

"काही बोलायचंय का तुला?" अर्डिसनं विचारलं.

"नाही."

संध्याकाळी पाच वाजता कचेरीत मरिसोलचा फोन आला. अर्डिस खाली गेली होती, म्हणून रॉस्कोनं उचलला. मरिसोलचा आवाज बसला होता. फोनमधले सगळे फोटो तिनं पुसून टाकले होते. निरोपाचा तर पुसलाच, पण वेडचे, घराचे, डेलिया जन्मली त्या दिवशीचेसुद्धा. परत कधी चूक नको म्हणून. तिला वाटलं होतं पुसल्यावर हलकं वाटेल, पण तसं काही झालं नाही.

रॉस्कोच्या जिभेवर शब्द आले होते. "थोडं खाऊन घ्या," एवढंच तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. खुर्चीत बसून त्यानं स्वतःला शिव्या घातल्या, पण फोन पुन्हा उचलला नाही.

---

शनिवारी अकरा वाजता अर्डिसनं मरिसोलच्या पुढच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. मरिसोल, रोवेना, कॅमेऱ्यांचं काम मिळेल म्हणून आलेला हेंडली, आणि दाराशी शेरीफचा एक शिपाई. डेलियाला कॉरिननं आपल्या घरी नेलं होतं. रॉस्को खिडकीपाशी उभा राहिला. बसायला त्याला जागा होती, पण तो बसला नाही.

"मरिसोल, पोरी," अर्डिसनं सुरुवात केली, "पहिली गोष्ट. हे तुझ्या फोटोमुळे झालेलं नाही. फोटोत घराचा नंबर होता, पण डेलियाची शाळा नव्हती. पत्रात शाळा आहे, आणि ती चुकीची आहे."

मरिसोलनं मान वर केली.

"हेझलटनच्या वर्गात डेलिया एक दिवसही बसलेली नाही. तुझे शेजारी, चर्चमधली माणसं, दवाखान्यातल्या मैत्रिणी, सगळ्यांना माहीत आहे की ती तळावर जाते. हेझलटन म्हणणारा माणूस तुला ओळखत नाही. त्यानं फक्त जुलैतला एक कागद वाचलाय. जुलैत तू ती शाळा कुठं लिहिलीस?"

"शाळेच्या फॉर्मवर," मरिसोल म्हणाली, आणि मग हळूच, "आणि गुप्ततेच्या अर्जावर."

"शाळेच्या फॉर्ममधून बाकीची सहा घरं कळली नसती. त्यातल्या दोघांना तर मुलंच नाहीत. आता कॉरिन. तीच तुकडी, तीच गल्ली, पण तिनं अर्ज दिला नाही आणि तिला पत्र आलं नाही. ज्यांनी लपवा म्हणून लिहून दिलं, नेमकी तेवढीच घरं उघडी पडली."

रोवेनानं तोंडावर हात ठेवला.

"तू नाहीस," अर्डिस तिला म्हणाली. "तुझ्या कपाटात दोनशे अकरा अर्ज आहेत. कपाट फोडणाऱ्याला दोनशे अकरा घरं मिळाली असती. याला मिळाली फक्त या उन्हाळ्यातली. म्हणजे त्यानं जिथं वाचलं, तिथं गेल्या तीन महिन्यांचेच कागद असतात."

तिनं एवढ्यावर ते सोडलं आणि हेंडलीचा नकाशा टेबलावर पसरला.

"या उन्हाळ्यात अर्ज आले आठ. पत्रं गेली सात. आठव्या घरात तुमचे कॅमेरे आधीच बसलेत, मिस्टर हेंडली. ज्याला माल विकून झालाय त्याला घाबरवून काय मिळणार?"

"योगायोग आहे, मॅडम," हेंडली हसत म्हणाला.

"असेल. मग हा तिसरा कॅमेरा बघू. बस-थांब्याकडे तोंड करून. या कोपऱ्यावर एकच बस थांबते, हेझलटन शाळेची. डेलिया त्या बसमध्ये कधी चढली नाही, तिला आई गाडीतून नेते. हिनं तुम्हाला बसबद्दल काही सांगितलं होतं?"

"नाही," मरिसोल म्हणाली. "मी शाळेचं नावच काढलं नाही यांच्यापाशी."

"आणि तुम्ही पत्र वाचलं होतंत?"

 हो म्हणावं तर मरिसोल समोर बसली होती, आणि पत्र तिनं फक्त शेरीफला आणि अर्डिसला दाखवलं होतं. नाही म्हणावं तर नकाशात बस-थांबा आला कुठून? हेंडली शिपायाकडे बघू लागला.

"मी कुणाला हात लावला नाही," तो शेवटी म्हणाला. "मीही नोकरी केलीय. या पोरी घरं उघडी टाकून निजतात. नुसती थोडी भीती घातली, त्यांच्याच भल्यासाठी. कागद तर उघड्यावर पडले होते. मी चोरले नाहीत."

"तेवढं मात्र खरं आहे," अर्डिस म्हणाली.

फसवून माल विकल्याचा गुन्हा लावता येईल, असं म्हणून शिपायानं त्याला बाहेर नेलं.  मरिसोलनं दोन्ही हातांनी चेहरा झाकला, आणि मग तो प्रश्न आलाच.

"उघड्यावर म्हणजे कुठं?"

अर्डिसनं रॉस्कोकडे पाहिलं. "हा भाग माझा नाही."

रॉस्को खिडकीपासून पुढे आला. त्यानं टोपी हातात घेतली होती आणि ती तो फिरवत होता.

"कचेरीत काउंटरवर एक निळी फाइल असते. आलेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स त्याच दिवशी तिच्यात लागते. कुणीही यावं, वाचावं, नाव सांगू नये. ही पद्धत मी सुरू केली. तेव्हा गुप्ततेचे अर्ज नव्हते. पुढं कायदा आला, अर्ज येऊ लागले. मूळ अर्ज कुलपात गेले आणि झेरॉक्स फाइलीत. भिंतीवर माझं कार्ड आहे, अपवाद नाही म्हणून. रोवेनानं तेच पाळलं. तिची काही चूक नाही."

रोवेना रडायला लागली.

"बारा वर्षं," मरिसोल म्हणाली. "बारा वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"ओरिनच्या आलं. जुलैत त्यानं मला सांगितलं. मी निवृत्त होतो, पण एक फोन केला असता तर दुसऱ्या दिवशी ते कागद निघाले असते. मी केला नाही. माझी पद्धत चुकीची आहे, हे मला ओरिनच्या तोंडून ऐकायचं नव्हतं."

"आणि पत्रं आल्यावर?"

"गुरुवारी मी त्या फाइलीपाशी उभा होतो. उघडली नाही. उघडायची गरजच नव्हती, मला कळलं होतं."

मरिसोल उठून त्याच्यासमोर आली. ती ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"काल मी फोनवर तुमच्याशी बोलले," ती म्हणाली. "डेलियाच्या जन्माचे फोटो पुसले म्हणून सांगितलं. तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि तुम्ही मला खाऊन घ्या म्हणालात."

"हो."

 मग ती एवढंच म्हणाली, की उद्या दहाला वेडचा फोन येईल, तेव्हा मिस्टर विंडहॅमनी इथं यावं. हे तिनं सांगायचं नव्हतं, त्यानं सांगायचं होतं.

---

रॉस्को रविवारी साडेनऊलाच हजर झाला. फाइल कचेरीतून हलली होती. रोवेनानं आणि त्यानं शनिवारी दुपारी मिळून ती रिकामी केली होती, कार्डही उतरवलं होतं. पितळी पाटी त्यानं स्वतः काढली.

फोन आला. मरिसोलनं दोन वाक्यं बोलून फोन त्याच्या हातात दिला. रॉस्कोनं सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. पलीकडून आवाज शांत होता, थोडा उशिरा पोचणारा. कॅप्टननं त्याला मध्येच तोडलं नाही, शिवी दिली नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं एकच विचारलं.

"हेंडली सापडला, ते ठीक. पण ती फाइल आणखी किती जणांनी वाचली, सर?"

 वाचणाऱ्याला नाव विचारायचं नाही, हा रॉस्कोचाच नियम होता. एक माणूस असेल, चाळीस असतील.

"मला माहीत नाही, कॅप्टन. कुणालाच कधी कळणार नाही."

"बरं," वेड म्हणाला. "मरिसोलला द्या."

नवराबायकोचं बोलणं संपेपर्यंत रॉस्को अंगणात उभा राहिला. बाहेर येऊन मरिसोलनं सांगितलं, मंगळवारी गाडी बोलावलीय, घर सोडतोय. बाकीच्यांपैकी दोघीही जाणार होत्या.

मंगळवारी तो सामान उचलायला आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण जा असंही कुणी म्हटलं नाही. अडुसष्टाव्या वर्षी त्यानं खोकी वाहिली, पलंग सोडवला, कपाटाची दारं दोरीनं बांधली. मरिसोल कामापुरतं बोलत होती. दुपारी गाडी भरत आली तेव्हा डेलिया एक कापडी ससा घेऊन पायरीवर येऊन बसली. एवढा वेळ हा म्हातारा आपली खेळणी जपून ठेवतोय, हे तिनं पाहिलं होतं, आणि तिला तो आवडला होता.

"आजोबा, आमचं नवीन घर कुठंय सांगू?" ती म्हणाली. "तिथं मागे तळं आहे. गावाचं नाव..."

रॉस्को हातातलं खोकं खाली ठेवून तिच्यासमोर गुडघ्यावर बसला.

"मला नको सांगूस, बाळा," तो म्हणाला. "मला तर मुळीच नको."